बाणाफाटल्यान

पाच बाण. पाचही डावीकडे, खाली,
एकमेकांना खेटून,
चिऱ्याच्या बांधावर बसलेल्या पोरांसारखे.
मी साईट उजवीकडे सरकवायला गेले.
कास्मिर सरांनी हातातली ऍलन की काढून घेतली.
"बाणाफाटल्यान वच गो."

बाण डावीकडे, तर साईट डावीकडे.
बाण खाली, तर साईट खाली.
चूक जिथे पडली, तिच्या मागे आधी जायचं.
हे डोक्यात उतरेपर्यंत
केप्यात कुशावतीवरचं धुकं विरलं होतं.

एका बाणावर स्क्रू फिरवायचा नाही.
पाच पडू देत.
विखुरले, तर साईटला हातच नको,
खांदा बघ, श्वास बघ,
रात्री घरी कुणाशी भांडलीस ते आठव.

दोन खटके डावीकडे, एक खाली.
पट्टीवर तीस मीटरची खूण, पेन्सिलीने, बारीक.
पेनने कधी करायची?
सर म्हणाले, काजू सरल्यावर बघू,
दोरी बदलली की पुसायचंच आहे परत.

मग तीन पिवळ्यात. चौथा काळ्यात.
पाचवा मी अजून शोधतेय भाटात,
वाळल्या पानांत वाकून,
गेला असं वाटतं
त्याच बाजूला.