चौथ्या फ्रेमला लाईट गेली

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचं टेबल साहेबांच्या काळातलं,
स्लेट अजून साचल्या पाण्यासारखी सपाट.
मे महिना. बाहेर चव्वेचाळीस.
मी पंच : पांढरे हातमोजे, आत घाम.

एकीकडे बँकॉकची सुदा,
दुसरीकडे आपली यामिनी बऱ्हाटे.
बाप इथंच मार्कर होता, बावीस वर्षं
दुसऱ्यांचे गुण लिहिले त्यानं पाटीवर.
मला हे माहीत नसावं, असा नियम.

उरले निळा, गुलाबी, काळा.
यामिनी वाकली, हनुवटी क्यूला टेकली
आणि लाईट गेली.

पंखे हळूहळू दमले.
यार्डात एक इंजिन शिटी देऊन गप्प.
मागच्या खुर्चीतून कुणी म्हातारी :
"हाऊ कसा खेय शे वं, कोनी बोलस नही?"
कुणी हसलंही नाही.

मी टेबलाला खेटून, हात पसरून उभी,
उघड्या दुधापाशी राखण बसावी तशी.
अंधारात निळा काय, काळा काय,
सारखेच गोल, सारखेच जड.
बाटलीचं झाकण फिरलं. एक घोट ऐकू आला,
मग दुसरा, वेगळ्या गळ्याचा.

अकरा मिनिटं.

उजेडात निळा गेला.
गुलाबी पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबला,
आत जाईना.
उरलेले दोन सुदाचे. फ्रेमही, मॅचही.

हॉल रिकामा झाल्यावर
यामिनीनं कोपऱ्यातला ब्रश घेतला,
टेबल झाडू लागली, सावकाश,
काळ्याच्या ठिपक्याकडे, एकाच दिशेनं,
तो झाडायचा तसं.

मी हातमोजे काढले.
आता माहीत असायला हरकत नव्हती.