पाच सेकंद

मस्कतच्या कडेला, सीबमध्ये,
खिडकी नसलेल्या खोलीत
मी विमानं सांभाळते. एकही दिसत नाही.

हिलाल अल-मामरी माझा प्रशिक्षक.
वय सव्वीस. कडक इस्त्रीची दिशदाशा,
बाहीला उदाचा वास.
मी सदतीस,
चौदा वर्षं आणि स्क्वॉड्रन लीडरच्या पट्ट्या
मिरजेच्या कपाटात ठेवून आलेली,
त्याच्या डाव्या हाताला, शिकाऊ.
पहिल्याच आठवड्यात म्हणाला,
"मॅडम तहसीन, तुम्ही फार बोलता."

बोलायचेच.
त्याचाच पगार होता.
पंजाबातल्या जानेवारीत
धावपट्टी सोडा, स्वतःचे बूट दिसत नसत,
तेव्हा रडारवरच्या दोन रेघांवर नजर ठेवून
मी पोरं खाली आणायचे,
तोंडानं.
किंचित उजवीकडे. उतारावर आहेस. उतारावर आहेस.
थोडा वर. आता ठीक.
उत्तर देऊ नकोस, नुसता ऐक.
नियम असा: पाच सेकंद माझा आवाज आला नाही
तर नाक उचलायचं आणि निघून जायचं.
मी कधी पाच सेकंद गप्प बसले नाही.
घोट गिळला तोही दोन वाक्यांच्या फटीत.

एकजण उतरल्यावर हेल्मेट काखेत घेऊन
थेट माझ्या खोलीपर्यंत आला.
आभार नाही, काही नाही.
म्हणाला, "सर्दी झालीय का, मॅम?"

इथे विमानं आपापली उतरतात.
माझ्या वाट्याला येतं ते पस्तीस हजार फुटांवरचं,
दोनशे माणसं पांघरुणात,
त्यांना मी ठाऊक असायचं कारण नाही.
मी एक वाक्य देते. पायलट तेच परत म्हणतो.
मग शांतता, लांबच लांब,
आणि माझी जीभ दातांमागे
सावधान उभी.

दुसरी खोड याहून वाईट.
पडद्यावर बिननावाचा ठिपका उगवला
की हात आपोआप फोनकडे जायचा:
कुणाला उडवायचं, किती मिनिटांत.
हिलालनं माझं मनगट हलकेच बाजूला केलं.
"ट्रान्सपॉन्डर झोपला असेल. आधी विचारा."
विचारलं.
कोळिकोडहून आलेलं मालवाहू.
"आत कढीपत्ता," हिलाल म्हणाला,
आणि माझ्याआधी तोच हसला.

अम्मी फोनवर विचारते,
"तुझी विमानं आता कुणाची गं?"
सगळ्यांचीच.
ती जरा थांबते. "मग पगार कोण देतं?"

अब्बा दुकानात सतारीची जवारी काढायचे.
हाडाच्या घोडीवर कानस एकदा,
फार तर दोनदा,
मग तार छेडून बसून राहायचं.
गिऱ्हाईक घाई करायचं. अब्बा ऐकत राहायचे.
त्यांच्या आजोबांचे आजोबा शिकलगार,
तलवारींना धार लावणारे.
तलवारी गेल्या, तसे भोपळे पोखरायला बसले.
त्यांना ते कुणी शिकवलं,
कुणाच्या डाव्या हाताला बसून, किती बोलणी खाऊन,
हे आमच्याकडे कुणी सांगत नाही.
वयानं लहानच असणार कुणीतरी.

परवा परीक्षा झाली. काल रात्री पहिल्यांदा एकटी.
हिलालनं जाताना करकचा कागदी पेला ठेवला,
साखर जास्त.
पावणेतीनला पूर्वेच्या हद्दीवर
अकरावं विमान मुंबईच्या हवाली करायचं होतं.
थेट लाइनवर पलीकडच्यानं
उंची, वेळ, सगळं इंग्रजीत परत म्हटलं, बिनचूक,
आणि फोन ठेवता ठेवता, सवयीनं,
"चला."

माझ्या तोंडाशी आलं होतं काहीतरी.
लाइन बंद झाली.
ठिपका हद्द ओलांडून गेला, रंग बदलला.
पाच.
सहा.
सात.
कुणीही नाक उचललं नाही.
मी घोट घेतला. करक निवून गेला होता,
वर साय धरली होती.