टोपीशिवाय नेम नाही

टेकाम हवालदार बँडमधून रिटायर होऊन आले
तेव्हा पत्र्याच्या पेटीत निघाली ही टोपी.
चपटी, फुगून बसलेल्या भाकरीसारखी,
उजव्या कानावर कललेली,
लाल-हिरव्या चौकड्या, मधोमध लोकरीचा गोंडा.
कुण्या स्कॉटलंडच्या बॅगपाइपवाल्यानं
अदलाबदलीत दिली म्हणे,
यांच्या फेट्याचा तुरा ठेवून घेऊन.

मी तिच्यावरून बारा विणल्या,
पौषाच्या रात्री, जुने स्वेटर उसवून.
चौकड्या काही साधल्या नाहीत, आडवे पट्टेच उतरले.
हवालदार म्हणाले, "चालते.
तिकडं परत्येक घराण्याची नक्षी येगळी.
हे आपल्या बोरखेडीचं घराणं."

रविवारी, तूर कापून मोकळ्या झालेल्या वावरात
धुऱ्याला टेकवून तेलाचा रिकामा डबा आडवा ठेवला,
काळी माती थापून गच्च भरला,
उघड्या तोंडावर जुन्या कॅलेंडरचं पान, पाठ आमच्याकडं.
बाहेरचं वर्तुळ ताटलीचं, मधलं वाटीचं,
आतलं माझ्या बांगडीचं,
आणि मधोमध काजळाचा टिपका.
"दृष्ट लागीन म्हणून का वो?" विमलनं विचारलं.
"दृष्टच लागाले पायजे इथं," हवालदार म्हणाले.

नियम एकच. डोक्यावर टोपी नसेल
तर हातात छऱ्याची रायफल नाही.
बापुराव थोट्यांनी दुपट्टा सोडला नाही,
त्याच्यावरच टोपी चढवली,
आणि लोळून नेम धरताना
गोंडा डोळ्यावर, टोपी नाकावर.
रफिक टेलर हसता हसता उताणा झाला.
शेळ्या चरणं थांबवून बघत होत्या
ही कोणती जत्रा, ज्यात देवच नाही.

बाराजण, पाच-पाच छरे.
"श्वास सोडा, अर्धा ठेवा, मंग बोट."
मी अर्धा ठेवला.
चार भोकं बांगडीच्या आत पडली,
पाचवं कुठंच नाही.

"त्याच भोकातून गेला," विमल म्हणाली.
"धुऱ्यात गेला," भोयर गुरुजी म्हणाले,
ज्यांचे तीन बांगडीत होते आणि दोन वाटीत.
बक्षिसाचं कोहळं मध्ये ठेवलेलं.
मला माहीत होतं फक्त एवढंच
की बोट ओढताना माझे डोळे मिटले होते.
हे मी बोलले नाही.

मग कुणाला तरी सुचलं,
कागद डब्याच्या तोंडाएवढाच.
जो डब्यात, तो कागदातून गेलेला.
डबा घमेल्यात उलटा केला,
विहिरीच्या पाण्यानं माती धुवायला बसलो,
वैनगंगेकाठचे सोनझरी धुतात तशी,
गोल गोल, हलक्या हातानं,
गढूळ ओतत, पुन्हा नवं पाणी घेत.
बाहेर कुणाचा एक छरा गेला नव्हता,
साठ निघाले तर माझा आत,
एकोणसाठ निघाले तर धुऱ्यात.

बुडाशी शिशाचे चपटलेले दाणे उरले.
गुरुजींनी दहा-दहाच्या ढिगाऱ्या केल्या.
सहा ढिगाऱ्या. आणि एक दाणा.

एकसष्ट.

कोणीच काही बोललं नाही.
टोप्या घातलेले बारा लोक
एका दाण्याकडं बघत.

हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढली,
गोंडा बोटानं सारखा केला.
"पहाटे मी एक मारून पाह्यला," म्हणाले.
"चोवीस वर्षं पलटणीत होतो, बाई.
परेडीत बाकीच्यांच्या खांद्यावर रायफल, माह्या काखेत पिशवी.
फुकत राह्यलो नुसता.
म्हटलं, कोणी नाही तवा एकदा.
कागद मंग बदलला म्या."

म्हणजे माझा आत गेला.
विमलनं कोहळं माझ्या मांडीवर ठेवलं,
वासराएवढं जड, राखट, थंड.

"एकच मारला ना?" गुरुजींनी विचारलं.
शाळा सुटली तरी यांचं गणित सुटत नाही.

हवालदारांनी टोपी पुन्हा घातली,
कानाकडं कलती केली, नीट, आरशात बघावं तशी.
"एक," ते म्हणाले.
मग थोडं थांबून,
"नाही तं दोन.
अंधार होता बाप्पा. काय नेम."