दहावं बोट

दिवसातून वीसदा बोटं मोजायची,
इलाही मुजावर म्हणाला, ग्राइंडिंगच्या ठिणग्यांतून मान वर न काढता.
मोजायची आणि स्वतःला विचारायचं : हे स्वप्न तर नाही?
जागेपणी सवय लागली की झोपेतही हात आपोआप वर येतो.
स्वप्नात बोटं कमी-जास्त भरतात.
तिथंच धरायचं त्याला, कानाला.

माझी नऊ.
दहावं उद्यमनगरात, पॉवर प्रेसखाली,
सत्त्याण्णव सालच्या दसऱ्याआधी, ओव्हरटाइमला.
चौगुले शेठनी दवाखान्याचं बिल भरलं.
बोट कुठं गेलं
ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तरी मोजायला लागलो.
बिंदू चौकात, सिग्नलला, नऊ.
मिसळीच्या कटात पाव बुडवताना, नऊ.
गंगावेशीत रात्री दूधकट्ट्यावर
म्हैस पिळून ग्लास हातात येईपर्यंत दोनदा.
गवळी म्हणाला, काय मामा, उधारी मोजताय काय?

पाट्याही दोनदा वाचायच्या.
स्वप्नातली अक्षरं दुसऱ्यांदा तीच राहत नाहीत.
महाद्वार रोडला एका चपलांच्या दुकानापुढं
वाचली, मान फिरवली, परत वाचली :
अस्सल कातडी. उधार बंद.
तिसऱ्यांदा मालकच बाहेर आला.

आणि वही.
उशाला वही, वहीत पेन्सिल, बॉलपेन उताणं लिहीत नाही.
जाग आली की हलायचं नाही.
कूस बदलली की गेलं,
चकातून जॉब सुटावा तसं.
डोळे मिटूनच शेपटाकडून मागं मागं यायचं :
शेवटी काय होतं? त्याच्या आधी?
पहिल्या आठवड्यात वहीत एवढंच :
काही नाही. काही नाही. म्हैस.
काही नाही.
म्हैस, पण जिन्यात.

शालन म्हणाली, धंद्याचा हिशेब असा लिहिला असतासा
तर आज आपलंबी शेड असतं.

साडेचारचा गजर. पाणी प्यायचं, दहा मिनिटं बसायचं,
मग परत आडवं, मनाशी घोकत :
आता दिसंल ते स्वप्न, आता दिसंल ते...
अवघड हे नव्हतं.
अवघड हे, की झोपेत माझी बोटं दहाच भरायची.
वहीत आहे, तारखेसह, चारदा.
आणि मी तिथं उभा राहून म्हणायचो, बरोबर,
माणसाला दहाच असतात.
आणि कामाला लागायचो.

इलाही हसला नाही.
म्हणाला, तुझा गेज उलटा आहे.
बाकीच्यांना चूक सापडली की कळतं.
तुला बरोबर भरलं की कळाय पाहिजे.

तो शनिवार. पहाट.
रंकाळ्याच्या कठड्यावर बसलोय, पाणी कुठंच नाही,
तळात ओळीनं लेथ मांडलेत,
सगळे चालू, आवाज एकाचाही नाही.
हात वर आला. आठ. नऊ.
दहा.
आणि या वेळी पोटात कळलं.

असं कळलं की माणूस उडतो म्हणे,
भिंतीतून आरपार जातो, मेलेल्यांना हाक मारतो.
स्वप्न विरायला लागलं तर तळहात चोळायचे, धरून राहतं.
मी चोळले. दहाच्या दहा गरम झाली.
मग उजव्या हाताच्या नखानं
डाव्या तर्जनीचं वरचं पेर
खाजवलं.
सत्तावीस वर्षं तिथं खाज सुटते,
जिथं काही नाही तिथं,
उशीला घासतो, टेबलाच्या कडेला घासतो, नुसत्या हवेला.
खाजवलं. सावकाश.
खाली लेथ फिरत होते.

जाग आली. हललो नाही.
शेपटाकडून मागं आलो, सगळं जाग्यावर होतं.
वही घेतली, डाव्या हातात धरली, चार बोटांत, रोजच्यासारखी,
आणि बराच वेळ काय लिहावं सुचेना.
शेवटी जॉबकार्डावर लिहितात तसं लिहिलं :
तारीख. वेळ. नग, दहा.

चहा देताना शालननं विचारलं, आज काय मग, म्हैस?
व्हय, म्हटलं.