डावं-उजवं

फेरलाखच्या आमच्या दुकानात
गिऱ्हाईक आधी भिंतीवरच्या बंदुकांकडे बघतं, मग किमतीकडे,
मग उगाच छताकडे.
नोटबुर्गा ओबरलेर्शर आली ती माझ्या हातांकडे बघत.
"दस्ते तूच घडवतोस ना?"
मी म्हटलं, लाकूड आपलं आपण घडतं, मी नुसता भुसा काढतो.
हसली नाही.

नोव्हेंबर. लोइबलच्या खिंडीत बर्फ पडून गेलेलं,
तिच्या बुटांनी दारापासून टेबलापर्यंत पाण्याची रेघ ओढली.
काखेत नवऱ्याची रायफल, घोड्याच्या जुन्या घोंगडीत.
बोल्ट उजवीकडे,
गालाखालचं अक्रोड झिजून गुळगुळीत.
"हा गाल त्याचा. माझा इथे बसत नाही.
मी डावखुरी."

एकसष्टाव्या वर्षी शिकारीची परीक्षा दिलेली,
एकोणीस पोरांमध्ये एकटी.
लहानपणी शाळेत डावा हात बाकाला बांधायचे, म्हणाली,
आणि हे असं, जसं कुणी बसची वेळ सांगावी.

मी एकेक उतरवत गेलो.
चेक बनावटीची: दणकट, बोलायला फटकळ, खिशाला परवडणारी.
फिनिश: बोल्ट असा सरकतो की
झोपलेल्या घरात कुणी दार लोटून घेतंय.
इटालियन पिसासारखी, पण जरा आरशात बघणारी.
मग जर्मन, डाव्या हाताची, सरळ मागे ओढायची;
डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरी गोळी, तिसरी.

"दुसरी कशाला?"
चुकलीच पहिली तर, मी म्हटलं.
तिनं जर्मन रायफल खाली ठेवली. हळू. दोन्ही हातांनी.

"त्याची चुकली होती.
गाम्स होती, कड्यावरची रानशेळी, पोटात लागली.
त्यानं आणखी दोन झाडल्या, घाईघाईनं,
त्या कुणाला, तिला की स्वतःच्या लाजेला, कोण जाणे.
दोन दिवस शोधत होता. कुत्रं लंगडत परत आलं.
मग ही खुंटीला टांगली, बावीस वर्षं.
दर रविवारी तेल मात्र द्यायचा."

दुकानातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे,
ते तेवढ्यात वाजलं.

मी मागच्या कपाटातून ती काढली,
जिच्यासाठी आगाऊ पैसे देऊन एक गृहस्थ परत आलेच नाहीत.
एकच नळी, मधोमध मोडून उघडणारी.
एक गोळी. बोल्ट नाही,
घोडा अंगठ्यानं चढवायचा, वरून.
नक्षीही नाही; त्यांनी हरणं-बिरणं कोरू दिली नव्हती.
नळीला डावं-उजवं कळत नाही, मी म्हटलं,
दस्ता तेवढा उजव्या खांद्याकडे कललेला.
तो मी गरम तेलानं वळवीन.
वळतो. हट्टी असतो, पण वळतो.

तिनं डोळे मिटले, खांद्याला लावली, डोळे उघडले.
असं अकरा वेळा.
मी फूटपट्टी धरून उभा.
हसळीचं हाड कधीतरी मोडून वेडंवाकडं जुळलेलं,
गवताच्या गाडीवरून पडले होते, म्हणाली,
दस्ता बरोबर त्या खळगीत येऊन टेकला.
किंमत सांगितली. ती गप्प.
"गोठ्याचं छप्पर पुढल्या साली," कुणाला तरी म्हणाली,
मला नव्हे.
नवऱ्याची विकायची का, विचारलं.
घोंगडीची गाठ तिनं दोनदा आवळली.

फेब्रुवारीत घेऊन गेली.
सप्टेंबर अखेरीला परत दारात,
वीस गोळ्यांच्या डब्यात सतरा.
तीन कागदावर, तिन्ही तळहाताखाली झाकतील अशा.
आणि डोंगरावर?
"बसते. बघते.
एक म्हातारी गाम्स येते, एक शिंग तुटलेली.
माझ्याकडे बघत चरते."
पुढचं विचारायचं मी टाळलं.
ती पण खिडकीबाहेर द्राऊ नदीच्या अंगाला बघत राहिली,
मग रायफल टेबलावर ठेवली:
"हिवाळ्यातला कोट जाड आहे.
दस्ता अर्धा सेंटिमीटर कापून दे."