सातशे चौऱ्याऐंशी

सुरगाण्याच्या पुढं, जिथं एसटी वळून परत जाते,
तिथून तीन तास चालून हे पठार.
वैशाखात गवत जळून गेलेलं, खडक उघडा,
आणि माझ्याकडं जुनं शीट,
घडीवर फाटलेलं,
नेमकं इथंच.

स्टाफ धरायला धवळू भोये.
लाल-काळ्या आकड्यांची ती चार मीटरची पट्टी
त्यानं पहिल्या दिवशी उलटी धरली,
दुसऱ्या दिवसापासून माझ्याहून सरळ.
बुडबुडा मध्यात आला की म्हणायचा,
"बसला बाई, बेडूक बसला."

दुपारी मोहाखाली नागलीची भाकर सोडली.
त्यानं नकाशावर बोट टेकलं. बोटाखाली
चार पाडे, एक ओहोळ आणि त्याची सासुरवाडी.
"ह्या तपकिरी रेघा कसल्या?"
सांगितलं, एकाच उंचीवरनं चालत राहायचं,
चढायचं नाही, उतरायचं नाही,
निघालो तिथंच रेघ येऊन मिळते.
तो समोरच्या उताराकडं बघत राहिला.
तिथं गुरांच्या खुरांनी पाडलेल्या वाटा,
एकीखाली एक, आडव्या,
खोडरबर कधी न लागलेल्या.
"मग हे काम झालंय की," म्हणाला.

नावांच्या वहीत एका जागेला एकच रकाना.
एक सुळका होता.
पेठकडून येणारे त्याला म्हातारी म्हणतात,
ह्या पाड्यावरचे मेढ,
आणि झरा आटल्यावर हंडे घेऊन निघालेल्या बाया
नुसतं "अजून लांब".
तिन्ही लिहिली, बारीक अक्षरात, रकान्याबाहेर.

मग ती टेकडी.
वर शेंदूर फासलेला दगड, त्यावर वाघ, चंद्र.
मी ट्रायपॉड खांद्यावर घेतला
तर धवळू चप्पल काढून खालीच थांबला.
"खालनं मोजा."
खालनं मोजली, दोन जागांवरनं. कोन, अंतर, वही.
सातशे चौऱ्याऐंशी.
नाव?
त्यानं स्टाफ मिटवला, एकात एक नळी सारत,
आणि बिडी पेटवायला वाऱ्याकडं पाठ केली.
बिडी संपेपर्यंत वळला नाही.

नाशिकरोडच्या ऑफिसात पंखा शीट उडवत होता.
तीन कोपऱ्यांवर पेपरवेट, चौथ्यावर माझा डबा.
उपासनी साहेबांनी पेन्सिल टेकवली,
आकड्याशेजारच्या कोऱ्या जागेवर,
धवळूच्या बोटाएवढ्या.
"मॅडम, इथं नाव राहिलंय."
"राहिलं नाही सर. राखलंय."
"काय?"
"विचारून सांगते," म्हणाले.

चार वर्षं झाली.
अजून विचारतेच आहे.