स्मरणिकेसाठी दोन पानं

कमिटीनं सांगितलंय : दोन पानं, फोटोसकट.
"वादग्रस्त" हा शब्द नको.
म्हणून खडकीच्या चर्चमागच्या खोलीत
कसरीनं चाळण केलेली नोंदवही उघडून बसलोय,
आणि पाळक हनोख रणभिसे
जांभळ्या शाईतून माझ्याकडे बघतायत.

फोटो एकच. काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं.
हसू नाही; तेव्हा फोटोत कुणीच हसायचं नाही म्हणा,
पण यांच्या पायाशी बसलेलं कुत्रंसुद्धा गंभीर आहे.

काय काय ऐकत आलोय.
पेटीला कुलूप घातलं, किल्ली मुळेत फेकली.
नाताळची चांदणी म्हणजे बाजार, म्हणाले, आणि उतरवली.
करंज्यांचा वास कुणाच्या खोलीतून आला
तेही टिपून ठेवलंय, पान सत्तेचाळीस.
ओहोळांची एस्तेर वरातीत नाचली :
सहा महिने मागच्या बाकावर.
शमुवेल साळवे म्हणतात, संत होता.
त्यांचाच धाकटा भाऊ म्हणतो, संत कसला, वरवंटा.

मग लढाई आली.
दारूगोळ्याच्या कारखान्याचा भोंगा रविवारीही वाजू लागला,
आमची अख्खी चाळ तोफगोळे भरायला गेली.
शब्बाथ मोडणाऱ्याला प्रभुभोजन नाही, त्यांनी जाहीर केलं.
त्या रविवारी मेजावर भाकर तशीच, पेला तसाच,
बाकांवर चार म्हाताऱ्या आणि एक आंधळा.
पुढच्या रविवारी पंच म्हणाले :
साहेब, तुमचा पगार त्याच रविवारच्या पैशाचा आहे.

इथं आल्यावर सांगणारे आवाज खाली आणतात.
"घेतला नाही."
महिन्यामागून महिना, छत्तीस वेळा,
एकाच वळणाचं अक्षर.
घरात काय शिजलं, त्याची नोंद नाही.

ती सापडते पान एकशे बारावर.
"प्रिस्किल्ला हनोख रणभिसे. रविवारी शिलाई केली,
साहेबाच्या बंगल्याचे पडदे.
प्रभुभोजनास अपात्र."
नवऱ्याचंच अक्षर.
"अपात्र"मधला त्र दोनदा गिरवलाय.
हात थरथरला, की टाक खराब होता?
सकाळपासून त्या एका अक्षराशी अडलोय.

एस्तेरमावशींकडे गेलो, नव्वदी ओलांडलीय.
"माझ्याच बाकावर येऊन बसल्या की बाई.
बोटं सुईनं भोसकलेली.
म्हणायच्या, रात्री हेच चिंधी भिजवून बांधतात."
मग?
"मग काय. सकाळी परत अपात्र."

मावशींनी कवळी सावरली.
"चांगला का वाईट ते तू नको लिहूस.
आवाज गोड होता. पेटीवाचून गायचा.
ते लिही."

जन्म लिहिला. दीक्षा लिहिली. आवाज लिहिला.
अजून दीड पान रिकामं आहे.
फोटोखाली नावं द्यायचीत, डावीकडून उजवीकडे,
आणि कुत्र्याचं नाव
कुणालाच आठवत नाही.